आयजीए व्हॅस्क्युलायटिस आणि किडनी: पुरळ उठल्यापासून वर्षभर काय काय करायचं

मुलाच्या पायांवर लालजांभळे ठिपके उठतात. पित्त उठलं असेल म्हणून घरात आमसुलाचं पाणी लावून होतं. दोन दिवसांत घोटे सुजतात, पोटात कळा येतात आणि मग डॉक्टर सांगतात की हा आयजीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाह आहे. जुन्या फायलींवर आणि बऱ्याच डॉक्टरांच्या तोंडी अजून एचएसपी, म्हणजे हेनॉख-शोनलाइन परप्युरा, हेच नाव असतं. २०१२ साली नाव बदललं, आजार तोच.

पुरळ, सांधे आणि पोट बहुतेक मुलांमध्ये चार ते सहा आठवड्यांत आपोआप निवळतं. किडनीचं तसं नाही. तिला इजा झाली तरी मुलाला काही दुखत नाही, ते खेळतं, खातं, शाळेत जातं. आणि पुढे या आजाराचं काय होणार हे जवळपास पूर्णपणे किडनीवरच ठरतं. पुरळ मावळलं की घरचे निश्चिंत होतात, पण किडनीवर लक्ष ठेवण्याचा काळ अजून संपलेला नसतो. हा लेख बडोद्यातल्या अशा घरांसाठी आहे, जिथे हे निदान नुकतंच झालंय. प्रौढ रुग्णांसाठी जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

आत काय घडतं ते थोडक्यात. नाक, घसा आणि आतड्यांच्या अस्तरात शरीर आयजीए नावाची प्रतिपिंडं बनवतं. या आजारात त्यातल्या काहींवर गॅलॅक्टोज ही साखर कमी असते. शरीर त्यांनाच परकं समजून त्यांच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडं बनवतं, दोघांचे पुंजके होतात आणि ते बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्वचेत अडकले की ठिपके, आतड्यात अडकले की कळा, किडनीच्या गाळण्यांत म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये अडकले की लघवीत रक्त आणि प्रोटीन. सर्दी-घशाच्या आजारानंतर एक ते तीन आठवड्यांनी हे सुरू होताना दिसतं, म्हणून थंडीच्या दिवसांत असे रुग्ण जास्त.

आधी खात्री, मग बाकीचं

काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबून पाहा. पित्ताचे चट्टे दाबल्यावर फिके पडतात. हे ठिपके काचेखालीही तसेच दिसतात, कारण रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं असतं. बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. गुडघ्याखाली आणि नितंबांवर जास्त, दोन्ही पायांवर साधारण सारखे, आणि मूल बराच वेळ उभं राहिलं की वाढतात.

पावसाळ्यात आणि त्यानंतर बडोद्यात असं पुरळ दिसलं की पहिला संशय डेंग्यूचा येतो, आणि तो यायलाच हवा. फरक प्लेटलेट्समध्ये कळतो: आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये त्या नॉर्मल किंवा जास्त असतात. दीड लाखाच्या खाली असतील तर हे निदान बाजूला ठेवून दुसरं कारण शोधावं लागतं. तीव्र ताप, मूल सुस्त आणि ठिपके तासातासाला वाढतायत, असं असेल तर मेनिंगोकॉकस या जिवाणूच्या संसर्गाचा धोका असतो. तिथे घरी थांबून काच दाबत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

निदानाचे युरोपीय निकष २०१० चे आहेत. पायांवर जास्त असलेले, दाबल्यावर न जाणारे ठिपके हवेतच. सोबत पोटदुखी, सांधेदुखी किंवा सूज, किडनीचा सहभाग, किंवा बायॉप्सीत (काढलेल्या बारीक तुकड्याच्या तपासणीत) आयजीए, यांपैकी किमान एक. रक्तातली आयजीएची पातळी साधारण निम्म्याच रुग्णांत वाढलेली असते, त्यामुळे ती तपासणी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं होत नाही. तिच्यावर खर्च केला नाही तरी चालतं.

पहिल्या दिवशी एवढ्या तपासण्या पुरतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवीची रुटीन आणि मायक्रोस्कोपी, लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ), इलेक्ट्रोलाइट्स (क्षार) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन), आणि नीट मोजलेलं ब्लडप्रेशर. लघवी बिघडलेली असेल तर रक्तातलं सी-३ हे प्रतिकारशक्तीचं पूरकद्रव्य (कॉम्प्लिमेंट)ही बघतात. या आजारात ते सहसा नॉर्मल असतं. कमी आलं तर घशाच्या किंवा त्वचेच्या संसर्गानंतरचा नेफ्रायटिस (किडनीचा दाह) किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) डोक्यात यायला हवा, मोठ्या मुलींमध्ये विशेषतः.

पोटाबद्दल एकच सांगणं. कळा थांबून थांबून येतात, हिरवी उलटी होते, शौचातून रक्त जातं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी. आतड्यात आतडं अडकण्याचा धोका असतो आणि या आजारात ते बऱ्याचदा लहान आतड्यातच अडकतं. मुलग्यांत वृषण अचानक दुखलं-सुजलं तर तेही तातडीचं.

घरची लघवी-तपासणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सविस्तर.

लघवी कधी तपासायची याचं वेळापत्रक: पहिला महिना दर आठवड्याला, मग बाराव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्याला. हे आकडे हवेतले नाहीत. २००५ साली १२ अभ्यासांमधल्या ११३३ मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात सुमारे ३४ टक्के मुलांच्या लघवीत बिघाड झाला. ज्यांना तो झाला त्यांतल्या ८५ टक्क्यांमध्ये चार आठवड्यांच्या आत, ९१ टक्क्यांमध्ये सहा आठवड्यांच्या आत आणि ९७ टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत दिसला. म्हणजे पहिल्या दिवशीचा स्वच्छ रिपोर्ट फारसं काही सांगत नाही आणि सहाव्या महिन्याचा स्वच्छ रिपोर्ट बरंच काही सांगतो. पुरळ पुन्हा उठलं तर वेळापत्रक पहिल्या आठवड्यापासून सुरू. जास्त लक्ष कुणावर ठेवायचं? आठ वर्षांवरची मुलं, पोटाचा त्रास तीव्र असलेली, पुरळ महिन्याहून जास्त टिकलेली किंवा परत परत उठणारी.

घरी तपासायचं ते लघवीत बुडवून रंग पाहायच्या स्ट्रिपने. ती घेताना बाटलीवरचं नीट वाचा. केमिस्टकडे सहज मिळणारी युरिस्टिक्स फक्त प्रोटीन आणि साखर दाखवते, रक्त दाखवत नाही. तुम्हाला प्रोटीन, रक्त आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा दाटपणा) दाखवणारी दहा घरांची स्ट्रिप हवी. बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते ती काढायची नाही, झाकण लगेच लावायचं, बाटली फ्रिजमध्ये किंवा बाथरूममध्ये ठेवायची नाही. जुलैच्या दमट हवेत उघडी राहिलेली बाटली आठवड्यात बिघडते, आणि मग प्रत्येक स्ट्रिप संशयास्पद दिसते.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. रात्री झोपण्यापूर्वी मुलाला लघवीला पाठवायचं, म्हणजे सकाळची लघवी झोपेतच साठलेली असते. काही मुलांत, विशेषतः दहा-बारा वर्षांच्या पुढे, दिवसभर उभं राहिल्यामुळे लघवीत प्रोटीन येतं आणि झोपल्यावर थांबतं. ते निरुपद्रवी असतं, पण दुपारचा नमुना दिला की घाबरगुंडी उडते. सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ कोरड्या डबीत. मुलींना पाळी चालू असेल तर चार-पाच दिवस थांबा. ताप असताना किंवा आदल्या रात्री दमवणारा व्यायाम झाला असेल तर तो नमुना मोजायचा नाही. नवरात्रात रात्री बारापर्यंत गरबा खेळून आलेल्या मुलीच्या सकाळच्या लघवीत प्रोटीन आणि थोडं रक्तही दिसू शकतं. एक-दोन दिवस विश्रांतीनंतर पुन्हा पाहा.

स्ट्रिप बुडवून लगेच बाहेर काढायची, कडेवर टेकवून जादा लघवी निथळायची, आडवी धरायची आणि बाटलीवर दिलेल्या वेळेलाच वाचायची, प्रोटीनसाठी आणि रक्तासाठी ती बहुतेक ६० सेकंद असते. तीन मिनिटांनी वाचलेला रंग खोटा. उजेड ट्यूबलाइटचा नको, खिडकीजवळचा बरा.

आता वाचन. प्रोटीनचं एक प्लस म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दोन म्हणजे १००, तीन म्हणजे ३००. पण स्ट्रिप प्रोटीनचं फक्त प्रमाण मोजते, आणि ते लघवी किती दाट आहे त्यावर बदलतं. म्हणून त्याच स्ट्रिपवरची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बघायचीच. ती १.०३० असेल आणि प्रोटीन ट्रेस असेल तर बहुधा मूल पाणी कमी प्यायलंय एवढंच. १.००५ असून एक प्लस असेल तर ती जास्त गंभीर गोष्ट, कारण पातळ लघवीतही प्रोटीन पकडलं गेलं.

रक्ताच्या घरात रंग आला पण लॅबच्या मायक्रोस्कोपीत लाल पेशी नाहीत, असं वारंवार होतं. बहुतेक वेळा नमुना डबीत तासन्तास पडून राहतो आणि पेशी फुटून जातात. लॅबला दिलेली लघवी तासा-दोन तासांत पाहिली गेली पाहिजे. घरून नेताना उन्हात, स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. लघवी लाल दिसते पण स्ट्रिप नकारात्मक आहे, तर आदल्या दिवशी बीट खाल्लं का ते विचारा. या आजारातलं रक्त लघवीला बऱ्याचदा लाल न करता काळ्या चहासारखं करतं.

एक वही ठेवा. तारीख, वजन, ब्लडप्रेशर, प्रोटीन, रक्त, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, पुरळ आहे का, औषधात बदल. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटं असतात. वही उघडी असली की ती पाच मिनिटं सत्कारणी लागतात.

लॅबचा रिपोर्ट

स्ट्रिपवर दोनदा एक प्लस आलं की रेशो करा. लघवीतलं प्रोटीन भागिले लघवीतलं क्रिएटिनिन, दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन वर्षांवरील मुलात ०.२ पर्यंत नॉर्मल, २ च्या वर नेफ्रोटिक, म्हणजे फार मोठ्या गळतीची पातळी. एक उदाहरण: मागच्या महिन्यात प्रोटीन ८४ आणि क्रिएटिनिन ७० होतं, रेशो १.२. या महिन्यात प्रोटीन १२० आणि क्रिएटिनिन १५०, रेशो ०.८. नुसतं प्रोटीन बघणारा म्हणेल वाढलं, खरं तर कमी झालंय.

युनिटकडे लक्ष द्या. एकच रेशो कुठे ०.५, कुठे ५०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, तर परदेशी लेखांत मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये ५७ च्या आसपास लिहिलेला असतो. १ म्हणजे सुमारे ११३ मिलिग्रॅम प्रति मिलिमोल हे लक्षात ठेवलं की पुरतं. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही वेगळी तपासणी आहे. एका वेळी एक आणि पुढच्या वेळी दुसरी केली तर तुलना होत नाही. शक्य तोवर एकच लॅब, एकच तपासणी.

चोवीस तासांची लघवी सांगितली असेल तर पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून. शाळेत एकदा विसरलं तरी आकडा खोटा कमी येतो. लहान मुलांत रेशोच बरा.

आता क्रिएटिनिन, इथे फसगत ठरलेली. बहुतेक लॅब रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, १.२ किंवा १.३ पर्यंत नॉर्मल. मुलाचा आकडा ०.९ आला की त्याच्यापुढे खूण होत नाही आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मुलांसाठी वेगळं सूत्र वापरतात: सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३ भागिले क्रिएटिनिन. उंची ११५ सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन ०.९ असेल तर किडनीची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ५३ च्या आसपास येते. नॉर्मल ९० च्या वर. याच मुलाचं क्रिएटिनिन ०.४ असतं तर ईजीएफआर ११९. म्हणून प्रत्येक भेटीत उंची मोजून घ्या आणि लॅबला विचारा की क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीने करता का. हे सूत्र त्याच पद्धतीवर बेतलेलं आहे.

लघवीत फक्त लाल पेशी आणि प्रोटीन अजिबात नाही, असे रिपोर्ट महिनोन्महिने येत राहू शकतात. त्यांना औषध लागत नाही, लक्ष लागतं. पालक लाल पेशींची संख्या मोजत बसतात: मागच्या वेळी १५, या वेळी २५. त्या चढउताराला फार अर्थ नसतो. किडनीचं भवितव्य प्रोटीन किती जातं आणि किती आठवडे जातं यावरून कळतं.

ब्लडप्रेशरचं यंत्र घरी असेल तर कफ मुलाच्या दंडाला साजेसा हवा. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के. छोटा कफ खोटं जास्त दाखवतो, मोठ्यांचा कफ खोटं कमी. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, उजवा दंड हृदयाच्या पातळीवर, रडत असेल तर नोंद करू नका. तेरा वर्षांवरच्यांना १३०/८० आणि पुढे म्हणजे जास्त. त्याखालच्या वयात वय, उंची आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यातून ठरतं, डॉक्टरांकडून तुमच्या मुलाचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं ते अशा वेळी: सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि वजन दोन-तीन दिवसांत अचानक वाढलेलं, लघवी खूप कमी (२० किलोच्या मुलात दिवसभरात २४० मिलिलिटरपेक्षा कमी), लघवी काळपट, किंवा ब्लडप्रेशर जास्त असताना डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं. झटका आला तर अर्थातच.

किडनीच्या डॉक्टरांकडे आणि बायॉप्सीपर्यंत

स्ट्रिपवर फक्त रक्त असेल तर बालरोगतज्ज्ञ पुरतात. प्रोटीन दोन आठवडे टिकलं, ब्लडप्रेशर वाढलं, ईजीएफआर कमी आला किंवा सूज आली, तर किडनीच्या तज्ज्ञांकडे, शक्यतो मुलांच्या. बडोद्यात सरकारी दवाखान्यात सुरुवात करायची तर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, सगळे ज्याला एसएसजी म्हणतात, आणि गोत्रीचं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. गुंतागुंत वाढली तर नडियादचं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल किंवा अहमदाबादची किडनी इन्स्टिट्यूट, दोन्ही सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारख्या अंतरावर. गुजरातमध्ये आयुष्मान-मा या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचं संरक्षण जुलै २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत आहे. ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतं, दर आठवड्याच्या लघवीच्या तपासण्या खिशातूनच होतात. कार्ड आजारपण सुरू असताना काढायला धावण्यापेक्षा आधीच तयार असलेलं बरं.

बायॉप्सी कधी? युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशींनुसार: रेशो सुमारे २.२ च्या वर चार आठवडे राहिला, किंवा सुमारे ०.९ ते २.२ दरम्यान तीन महिने राहिला, किंवा ईजीएफआर ८० च्या खाली गेला. बरेच नेफ्रॉलॉजिस्ट याहून आधी करतात आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. गाळण्यांभोवती जे पेशींचे चंद्रकोरीच्या आकाराचे थर साठतात, ज्यांना क्रेसेंट म्हणतात, ते ताजे असताना औषधाने विरघळू शकतात. जुने होऊन तंतुमय झाले की गाळणी गेली ती गेली. म्हणून क्रिएटिनिन चढत असेल तर बायॉप्सी आठवडाभर पुढे ढकलणं महागात पडतं.

बायॉप्सीआधी: प्लेटलेट्स, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), रक्तगट, ब्लडप्रेशर आटोक्यात. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन वगैरे साधारण आठवडाभर बंद. झोपेचं औषध देणार असतील तर सहा तास पोट रिकामं. सोनोग्राफीत पाहत पाहत, मूल पालथं असताना, बहुधा डाव्या किडनीच्या खालच्या टोकातून १६ किंवा १८ गेजच्या सुईने दोन-तीन धाग्यांसारखे तुकडे घेतात.

इथे एक प्रश्न आवर्जून विचारा: "दुसरा तुकडा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी वेगळ्या बाटलीत ठेवलात ना?" एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, साध्या मायक्रोस्कोपसाठी. आयजीए दिसतं ते इम्युनोफ्लोरेसन्समध्ये, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडं दाखवणाऱ्या तपासणीत, आणि तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही, त्याला मिशेल माध्यम (तुकडा जपणारा द्रव) किंवा ताबडतोब पाठवायचं असेल तर सलाइन लागतं. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की निदानाचा मुख्य पुरावा धूसर होतो. मागणीपत्रावर पुरळाची तारीखही हवी. मायक्रोस्कोपखाली हा आजार आणि आयजीए नेफ्रोपॅथी (पुरळाविना फक्त किडनीत आयजीए साठण्याचा आजार) हुबेहूब सारखे दिसतात, फरक पुरळावरूनच करावा लागतो.

नंतर सहा ते आठ तास पाठीवर सपाट. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि ब्लडप्रेशर, प्रत्येक लघवीचा रंग. पहिल्या एक-दोन लघव्यांत गुलाबी झाक चालते, गुठळ्या किंवा कंबरेत वाढत जाणारी कळ चालत नाही. एक-दोन आठवडे सायकल, उड्या, कुस्ती बंद.

रिपोर्टमध्ये आधी ग्लोमेरुलस किती मिळाले ते पाहा, दहाहून कमी असतील तर अंदाज कच्चा. मग क्रेसेंट किती टक्के. आयएसकेडीसी या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पहिल्या वर्गात जवळपास काहीच बदल नसतो, दुसऱ्यात गाळणीच्या मधल्या भागात पेशी वाढलेल्या, तिसऱ्यात क्रेसेंट ५० टक्क्यांपेक्षा कमी, चौथ्यात ५० ते ७५, पाचव्यात त्याहून जास्त. सहावा वर्ग वेगळ्या धाटणीचा आणि दुर्मीळ. हल्ली सोबत बायॉप्सीतले बदल मोजणारा एमईएसटी-सी असा गुणही देतात. त्यातला टी, म्हणजे नळ्यांची झीज, जुनी आणि न भरून येणारी हानी सांगतो.

औषधं

पहिली गोष्ट: किडनी वाचावी म्हणून सुरुवातीलाच स्टिरॉइड देण्याचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये ३५२ मुलांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४ दिवस प्रेडनिसोलोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत वर्षअखेर लघवीतल्या प्रोटीनचा फरक दिसला नाही. पोटातल्या कळांसाठी किंवा फार सुजलेल्या सांध्यांसाठी डॉक्टर ते देऊ शकतात, तो वेगळा हेतू. स्टिरॉइड चालू आहे म्हणून लघवी तपासायची थांबवू नका.

दुखण्यावर पॅरासिटामॉल: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं. लघवीत बिघाड, शौचात रक्त किंवा उलट्या असतील तर ते आणि डायक्लोफेनॅक टाळा. निमेसुलाइड तर भारतात बारा वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंदच आहे, तरी घरच्या डब्यात जुनी पट्टी सापडते. कुणी सुचवलेली भस्मं आणि अज्ञात काढे या काळात नकोत, जड धातूंचा भार किडनीवरच पडतो.

प्रोटीन टिकून राहिलं की एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा लोसार्टन. गाळणीतला दाब कमी करून ही प्रोटीनची गळती आटोक्यात आणतात. ब्लडप्रेशर नॉर्मल असतानाही ती देतात, त्यामुळे "याला तर बीपी नाही" म्हणून परस्पर बंद करू नका. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढून स्थिरावलं तर चालतं. कोरडा खोकला एनालाप्रिल-रामिप्रिलने होतो, लोसार्टनने क्वचित. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की हे औषध तात्पुरतं थांबवून डॉक्टरांना फोन, कारण शरीरातलं पाणी कमी झालं असताना ते किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतं. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात हे विसरू नका. वयात आलेल्या मुली आणि स्त्रियांनी गर्भधारणेत ही औषधं घ्यायची नसतात.

बायॉप्सीत मध्यम किंवा तीव्र आजार दिसला तर मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम, सलग तीन दिवस. नंतर तोंडाने प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवत. क्रेसेंट निम्म्याहून जास्त असतील तर सायक्लोफॉस्फामाइड, आणि पुढे मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी, खाल्ल्यावर. एकदम कधीही बंद करायची नाही: दीर्घ काळ स्टिरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलेलं असतं. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर त्याच दिवशी कळवा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी जास्त डोसचं स्टिरॉइड थांबून महिना होईपर्यंत नाहीत.

खाण्यात पथ्याचा अतिरेक होतो. सूज किंवा ब्लडप्रेशर नसेल तर घरचं नेहमीचं जेवण. असेल तर मीठ कमी, आणि ते भाजीतल्या चिमटीत शोधण्यापेक्षा सेव-उसळीवरची सेव, फाफडा, लीलो चेवडो, पापड, लोणचं यांत शोधा. प्रोटीन जातंय म्हणून डाळ-दूध बंद करू नका, आणि वाढवायचंही कारण नाही. पोटॅशियम जास्त आलं तरच नारळपाणी आणि केळी थांबवा. शाळा चालू ठेवा. शिक्षकांना सांगा की याला लघवीला जाऊ द्यायचं आणि पुरळ संसर्गाचं नाही.

पुढे काय होतं

वर सांगितलेल्या त्याच ११३३ मुलांत किडनीची कायमची हानी एकूण १.८ टक्के मुलांना झाली. लघवी कायम स्वच्छ राहिलेल्यांत एकालाही नाही. फक्त रक्त किंवा थोडं प्रोटीन असलेल्यांत १.६ टक्के. सुरुवातच सूज, जास्त ब्लडप्रेशर, नेफ्रोटिक पातळीचं प्रोटीन यांनी झाली होती त्यांच्यात १९.५ टक्के. वहीतली तुमच्या मुलाची नोंद या तिघांपैकी कुठे बसते ते पाहा. शेजारच्या मुलाच्या गोष्टीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

प्रौढांचं चित्र जड. फ्रान्समधल्या २५० प्रौढांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात सुमारे १५ वर्षांनंतर ११ टक्के रुग्ण डायलिसिसच्या टप्प्यापर्यंत पोचले आणि आणखी १३ टक्क्यांची किडनी तीव्र प्रमाणात निकामी झाली. म्हणून चाळिशीतल्या माणसाला असं पुरळ उठलं तर "मुलांना होतं, बरं होतं" या वाक्यावर थांबू नये. त्याची लघवी महिन्या-दोन महिन्यांत नाही, पहिल्या आठवड्यातच बघावी. वयस्कर पुरुषांत नवं औषध आणि कर्करोग या दोन कारणांचाही शोध घेतात.

किडनी प्रत्यारोपणापर्यंत वेळ आली तरी पुरळ शांत होऊन साधारण सहा महिने ते वर्ष जाईपर्यंत थांबतात, कारण आजार नव्या किडनीतही परतू शकतो.

मुलींसाठी एक वेगळी नोंद. बालपणी किडनीला हा आजार झालेल्यांचा ब्रिटनमध्ये दीर्घ पाठपुरावा झाला, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४४ पैकी १६ गरोदरपणांत प्रोटीन किंवा ब्लडप्रेशरचा त्रास उद्भवला, लघवी वर्षानुवर्षं स्वच्छ असूनही काहींना. त्यामुळे लग्न होऊन पुण्याला किंवा इंदूरला गेली तरी फाइल तिच्याबरोबर जायला हवी आणि पहिल्याच तपासणीत स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायला हवं. ज्यांच्या लघवीत एकदा प्रोटीन आलं होतं त्या सगळ्यांनी, मुलगे असोत वा मुली, वर्षातून एकदा ब्लडप्रेशर आणि सकाळच्या लघवीचा रेशो करून घ्यावा. त्या फायलीत हवं ते एवढं: पुरळाची तारीख, सर्व रेशो आणि क्रिएटिनिन उंचीसकट, बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट, आणि बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) व स्लाइड कोणत्या लॅबकडे आहेत त्याचा नोंदणी क्रमांक. ब्लॉक लॅब ठरावीक वर्षंच सांभाळते, म्हणून शहर बदलण्याआधी त्याची विचारपूस करून घ्या.